कंसातला व्हाळ

मांडवा

मांडव्याच्या धक्क्यावर रो-रो बोटीतून उतरलो तेव्हा माझ्या पिशवीत चाळीस कोरे तक्ते होते आणि मनात अशी खात्री होती की पाच-सहा दिवसांत त्यांतले तीस तरी भरून परत जाऊ. परत आलो ते अकरा भरून. त्यातल्या दहांबद्दल सांगण्यासारखं फारसं नाही. हे लिहायला बसलोय ते अकराव्यासाठी.

आधी तक्त्याचं सांगतो. पुण्यातल्या आम्ही काही निवृत्त, रिकामटेकड्या मंडळींनी एक उद्योग अंगावर घेतला आहे. मोठ्या नद्यांची नावं मुलांच्या पुस्तकात असतात, पण गावोगावचे ओढे, ओहोळ, झरे यांची नावं फक्त तिथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात असतात आणि माणसाबरोबर जातात. तर ज्याला जमेल त्यानं एकेक तालुका वाटून घ्यायचा, हिंडायचं, विचारायचं आणि तक्ता भरायचा. नाव, उगम, लांबी, कुठे मिळते, पाणी किती महिने, आणि शेवटी शेरा. तक्ता मीच आखला. मी पस्तीस वर्षं नकाशे काढले. मोजणीदार उन्हातान्हात हिंडून कच्चे कागद आणायचे, आणि मी पुण्यात पंख्याखाली बसून त्यावरून पक्का नकाशा उतरवायचो. माझा हात स्वच्छ होता, असं सगळे म्हणत. एखादा रकाना रिकामा राहिला की अजूनही मला कागद हातावेगळा करवत नाही. बायको म्हणते, तुम्हाला वाणसामानाची यादीसुद्धा समास सोडून लागते. ती खोटं बोलत नाही.

अलिबाग तालुका मी मागून घेतला. कारण इतकंच, की समुद्राकाठचे नकाशे मी पुष्कळ उतरवले होते, समुद्र मात्र नोकरीत असताना एकदाच पाहिला होता, तोही सहलीत.

थळ

मे महिना संपत आला होता. थळच्या किनाऱ्यावर सुकी मासळी गोळा करण्याची घाई चालली होती, कारण पावसाआधी ती घरात जायला हवी. एक म्हातारे नाखवा होडीच्या सावलीत जाळं विणत बसले होते. समोर एक लहानशी खाडी आत वळत गेली होती. मी तक्ता काढला आणि विचारलं, "नाखवा, ही कुठून सुरू होते?"

त्यांनी समुद्राकडे बोट केलं.

"तिथे संपते ती," मी म्हणालो. "सुरू कुठून होते?"

"तुमची संपत आसंल," नाखवा म्हणाले. "आमी तर हितनंच आत जातू. मंग सुरू हितनंच न्हाय का?"

पलीकडे सुका जवळा पाखडणाऱ्या बायका हसायला लागल्या. एक म्हणाली, "साहेब, लिवा तुमी, लिवा. नाखवा सांगंल ते लिवा."

मी चिडलो, पण पेन उघडलं. उगमाच्या रकान्यात मी लिहिलं, 'डोंगर. नाखवांच्या मते समुद्र'. मग त्यांच्याच घरी जेवलो. तांदळाची भाकरी आमच्या बाजरीच्या भाकरीपुढे मला नेहमी आजाऱ्याचं जेवण वाटायची. ताज्या बोंबलाच्या कालवणाबरोबर ती खाल्ल्यावर मत बदललं. मध्येच दुसऱ्या एका माशाचा काटा घशात अडकला आणि नाखवांच्या सुनेनं मला लहान पोरासारखे भाताचे गोळे गिळायला लावले. मटणाच्या मुलखातला माणूस. तो काट्यांचा हिशेब कधी शिकणार?

खार

तिथून दुसऱ्या दिवशी जिथे गेलो, त्या गावाचं नाव देत नाही. प्रकरण अजून मिटलेलं नाही आणि गावाची तशी इच्छा आहे.

हिराताई मला फाट्यावर घ्यायला आल्या होत्या. वय पन्नाशीचं, पंचायतीच्या सदस्य, घरचं भाताचं शेत, आणि वर्षाचे तीन महिने पांढऱ्या कांद्याच्या माळा घेऊन रस्त्याकडेला बसणाऱ्या. आमच्या तक्त्याबद्दल त्यांना कुणाकडून तरी कळलं होतं आणि त्यांनीच फोन करून बोलावलं होतं. "आमच्याकडचा एक लिवायचा हाय," एवढंच म्हणाल्या होत्या.

पहिल्यांदा त्यांनी मला खारात नेलं. खार म्हणजे समुद्रापासून बांध घालून सोडवलेली जमीन. एका बाजूला खाडी, एका बाजूला भाताची खाचरं, मध्ये माणसाच्या उंचीचा मातीचा बांध. बांधात एक लाकडी दार बसवलेलं असतं, त्याला उघाडी म्हणतात. ओहोटीला आतलं गोडं पाणी त्या दाराला ढकलून बाहेर जातं, आणि भरती आली की तिच्याच जोरानं दार बंद होतं. कुणी उघडत नाही की लावत नाही. मी ते दार पाहायला खाली उतरलो आणि चिखलानं माझी उजवी चप्पल ठेवून घेतली. हिराताईंनी गुडघाभर उतरून शोधली, सापडली नाही. पुढचे चार दिवस मी त्यांच्या दिवंगत सासऱ्यांच्या चपला घालून हिंडलो.

"मिठाची जमीन हाय ही," त्या बांधावर पाय धूत म्हणाल्या. "वरनं गोडं पानी आलं, चार म्हयने खाचरात उभं ऱ्हायलं, की मीठ खाली जातं. तवा भात. एक वरीस पानी न्हाय आलं तर मीठ वर येतं. दोन वर्सं न्हाय आलं तर जमीन गेली."

"वरून येतं ते पाणी कुठल्या ओढ्यातून? नाव काय त्याचं?"

हिराताई नुसत्या पाय धूत राहिल्या. बांधावरून जाणाऱ्या एका गड्याला मी विचारलं. तो म्हणाला, "व्हाळ? न्हाय बा, हितं आता व्हाळ न्हाय." देवळापाशी बसलेल्या दोघांना विचारलं. त्यांचंही तेच. दुकानदाराला विचारलं, तोही तेच म्हणाला. सगळी माणसं मनापासून, माझी कीव करत सांगत होती की या गावाला व्हाळ म्हणजे ओढाच नाही. आणि खारात गोडं पाणी वरून येतं हेही तितक्याच खात्रीनं सांगत होती. मला वाटलं, ही पुण्याच्या माणसाची फिरकी घेण्याची इथली पद्धत असेल.

वाट

दुपारी हिराताई म्हणाल्या, "चला, वरच्या वाडीला जाऊ." वरची वाडी डोंगराच्या पोटात, तासाभराच्या चढावर. तिकडे जाणारी वाट चांगली रुंद होती, बैलगाडी किंवा टेम्पो सहज जाईल अशी. दोन्ही कडांना करवंदीच्या जाळ्या होत्या. हिराताई करवंदं तोडून माझ्या हातावर ठेवत होत्या आणि मी खात होतो.

पाचेक मिनिटांनी मी थांबलो. पायाखालचे धोंडे गोल होते. रस्त्यावरचा दगड टोकदार असतो, तुटलेला असतो. हे गुळगुळीत होते, लाडवांसारखे. मग मी वर पाहिलं. कडेच्या झाडांच्या फांद्यांत, माझ्या डोक्याच्या उंचीवर, वाळलेलं गवत आणि काटक्या अडकल्या होत्या. वाऱ्यानं आलेलं गवत असं अडकत नाही.

"हिराताई, हा ओढा आहे. आपण ओढ्यातून चाललोय!"

"व्हय," त्या म्हणाल्या. "पावसात. आता वाट हाय."

"मग सगळे नाही नाही का म्हणत होते?"

"तुमी आता विचारलंत ना. आता न्हायच हाय. दिवाळीपासनं ही वाट. ह्याच्यावरनंच वरच्या वाडीची लग्नं खाली येतात, आजारी मानूस येतो, सिलेंडर जातात. पाऊस आला की व्हाळ."

"बरं, मग पावसातल्या व्हाळाचं नाव सांगा."

त्यांनी मान हलवली. "घरात न्हाय तिला हाक कोन मारतो? आली म्हंजे नाव घ्यायचं."

आमच्याकडे तीन वर्षं थेंब न पाहिलेल्या ओढ्यालाही लोक त्याच्या नावानं शिव्या घालतात. कोरडं असलं तरी नाव काही आटत नाही. इथे मात्र पाणी गेलं की नावही उचलून ठेवतात, हे मला नवीन होतं. मी तक्ता परत पिशवीत घातला. नावाचा पहिलाच रकाना रिकामा, म्हणजे माझी दशा तुम्ही समजू शकता.

थोडं वर गेल्यावर झाडं संपली आणि तांबडा, सपाट केलेला उतार लागला. तारेचं कुंपण, रंगवलेले दगड, बंगल्यांच्या प्लॉटची पाटी. तिथे हिराताई एका धोंड्यावर बसल्या आणि मला फोन कशासाठी केला होता ते सांगितलं.

प्लॉटवाल्यांना खालपासून वरपर्यंत सिमेंटचा रस्ता हवा होता, तोही याच वाटेवरून. वरचं पाणी ते डोंगराच्या पलीकडच्या अंगाला वळवणार होते. तसं झालं की गोडं पाणी खारात येणार नाही. गावानं तक्रार केली तेव्हा समोरून कागद आला. मागच्या वर्षी याच दिवसांत त्यांची माणसं गावात येऊन गेली होती. ही तुमची पूर्वापार वापराची वाट आहे का, असं विचारलं होतं. गाव व्हय म्हणालं. लिहून देता का? दिलं. खोटं काय होतं त्यात?

"पयली सही माझी," हिराताई म्हणाल्या. "मेंबर म्हनून. तीन वाड्यांच्या सह्या माझ्या सहीखाली हायेत. मी केली म्हनून त्यांनी केल्या. आता कोन मला काय बोलत न्हाय. बोलले आसते तर बरं झालं आसतं."

येत्या सोमवारी तक्रारीची चौकशी करणारे साहेब जागा पाहायला येणार होते. त्यांच्यापुढे ठेवायला हिराताईंना एक कागद हवा होता, ज्यावर लिहिलेलं असेल की हा व्हाळ आहे, त्याला नाव आहे, उगम आहे. माझा तक्ता.

मला त्यांची फार कीव आली, आणि त्याहून जास्त राग आला, त्या कागदाचा. मी फुशारकीनं म्हणालो, "हिराताई, आमचा तक्ता म्हणजे हौशी लोकांचं काम. त्याला कोण विचारतो? आपण कचेरीतून सरकारी नकाशाच मागवू. जुन्या नकाशात निळी रेघ असणारच. मी सांगतो ना. पस्तीस वर्षं हेच केलंय."

अलिबाग

दुसऱ्या दिवशी आम्ही अलिबागला एका कचेरीत गेलो. कुठल्या, ते महत्त्वाचं नाही. तिथल्या बाईंनी अर्ज घेतला आणि तासाभरात नकाशाची प्रत समोर ठेवली. हिराताई बाहेर बाकावर बसल्या होत्या. मी चष्मा पुसला.

निळी रेघ नव्हती. खारापासून वरच्या वाडीपर्यंत तुटक-तुटक दोन समांतर रेघा होत्या. गाडीवाट. रेघा सुंदर होत्या, एका मापाच्या, वळणावरही अंतर न चुकलेल्या. मला आधी त्या हाताचं कौतुक वाटलं. मग उजव्या कोपऱ्यात खाली आद्याक्षरं दिसली. 'द'च्या शेपटीला एक बारीक वळसा. तसा वळसा मी बँकेच्या चेकवर आजही देतो.

मी त्या बाईंना विचारलं, मोजणीदाराचा मूळ कच्चा कागद मिळेल का? त्या माउलीनं धुळीत हात घालून तोही शोधला. कागद पिवळा पडला होता, पण शिसपेन्सिलीचं अक्षर वाचता येत होतं. मोजणी उन्हाळ्यातली. त्या वाटेपुढे मोजणीदारानं लिहिलं होतं: 'गाडीवाट (पावसाळ्यात जोराचा व्हाळ)'.

त्या अनोळखी माणसानं गावात विचारलं होतं आणि सांगितलं ते दोन्ही लिहून ठेवलं होतं. आणि मी? तेव्हा मी चोविसाचा होतो. आमच्याकडे वाटेला खूण होती, ओढ्याला खूण होती, आठ महिने वाट आणि चार महिने ओढा असलेल्या वस्तूला खूण नव्हती. मुख्य आरेखकांना विचारायला हवं होतं. पण विचारलं की ते कागद बाजूला ठेवत आणि महिना जात असे. मी कंस गाळला. पान स्वच्छ दिसलं. हा नेमका नकाशा मला आठवत नाही, पण असे कंस मी गाळत असे, हे मला चांगलं आठवतं. मोजणीदारांना कंस घालायची सवयच असते म्हणून आम्ही हसायचोसुद्धा.

बाहेर आलो. हिराताई उठून उभ्या राहिल्या. "गावली निळी रेघ?"

"नकाशात वाट आहे," मी म्हणालो. "पण मोजणीच्या कागदात व्हाळ लिहिलाय. त्याची प्रत घेतली."

"मंग नकाशात का न्हाय?"

"काढणाऱ्यानं गाळला."

"कोन मेला तो?" हिराताई म्हणाल्या.

मी प्रत घडी करून पिशवीत घातली. त्यांनी मला उसाचा रस पाजला, पैसे देऊ दिले नाहीत, आणि परतीच्या एसटीत खिडकीची जागा मला दिली. पस्तीस वर्षांच्या नोकरीत मला इतकी शरम कधी वाटली नव्हती. आणि तरी फाट्यावर उतरेपर्यंत 'तो मीच' एवढं मी सांगितलं नाही.

उंबराखाली

रविवारी वाट परत द्यायची होती. हा इथला रिवाज मला त्याच दिवशी सकाळी कळला.

मृगाच्या आधीचा एक दिवस गाव ठरवतं. त्या दिवशी वरच्या वाडीचं पावसाळ्याचं सामान शेवटचं वर जातं आणि शेवटची गाडी खाली येते. पूर्वी बैलगाडी असायची, आता टेम्पो. मग वर्षभरात जो कुणी त्या वाटेनं चालला असेल त्यानं वर उगमापाशी जायचं आणि वाट परत करायची. तिथून सगळ्यांनी शेवटचं चालत खाली यायचं. सर्वांत मागचा माणूस खाली आला की वाटेच्या तोंडावर निरगुडीचा फाटा आडवा टाकायचा. त्यानंतर दिवाळीपर्यंत त्या वाटेवर कुणी पाऊल ठेवत नाही, पाऊस लांबला तरी नाही. वरच्या वाडीला जायचं तर बांधाबांधानं, डोंगराच्या धारेवरून, दुप्पट वेळ.

मीही त्या वाटेनं चाललो होतो, तेव्हा मलाही जावं लागलं. उगम म्हणजे वाडीच्या वर एक मोठा उंबर, त्याच्या मुळांत खडकाची कपार, कपारीत ओलसर माती. पाणी नव्हतं. हात लावला तर बोट गार पडत होतं, इतकंच. पन्नास-साठ माणसं जमली होती. प्लॉटवाल्यांचा मॅनेजरही होता, पेणकडचा एक तरुण, त्याची गाडी रोज इथूनच जायची म्हणून त्यालाही बोलावलं होतं. तो बूट काढून बाजूला उभा होता.

पांडूदादा नावाचे ऐंशीच्या पुढचे गृहस्थ उंबराखाली बसले होते. त्यांनी नारळ ठेवला. एकेक जण पुढे जाई. पांडूदादा विचारत, "चालून झालं?"

"झालं."

"दिली?"

"दिली."

एवढंच. बायका लेकरांच्या वतीनंही बोलत होत्या. हिराताई गेल्या. "चालून झालं?" "झालं." "दिली?" त्यांनी नारळाला हात लावला. मग म्हणाल्या, "दिली. पन गेल्या वर्सी लिवून दुसऱ्याला दिली, दादा. ती कशी परत घेऊ?"

पांडूदादांनी नारळ सरळ केला आणि त्यांना शेजारी बसवून घेतलं.

पुढचा नंबर माझा होता. पांडूदादांनी विचारलं, "चालून झालं?"

मी म्हणालो, "थांबा, दादा." आणि मग सांगून टाकलं. नकाशा मी काढला, चाळीस वर्षांपूर्वी, पुण्यात बसून. मोजणीदारानं कंसात व्हाळ लिहिला होता, तो मी गाळला. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे दिले नव्हते. पान स्वच्छ दिसावं म्हणून गाळला. परवा हिराताईंनी विचारलं, कोण मेला तो. तो मी.

मला वाटलं, आता कुणीतरी शिवी घालणार. घातली असती तर बरं वाटलं असतं.

हिराताईंनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "म्हंजे नकाशावर सही तुमची, आनि त्या कागदावर माझी."

"हो."

"मंग आपन दोघंच व्हाळ बुजवनारे." आणि त्या हसल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसल्या. "आनि मी तुमाला सासऱ्याच्या चपला दिल्या!"

त्यावर सगळेच हसले. मी चपलांकडे पाहिलं आणि मला रडू आलं, ते मी लपवलं नाही.

पांडूदादा थांबले होते. "साहेब, चालून झालं?"

"झालं."

"दिली?"

"दिली," मी म्हणालो.

खाली आल्यावर हिराताईंच्या पडवीत बसलो आणि जबाब लिहिला. अमुक नकाशा माझ्या हातचा, अमुक मजकूर मी गाळला, मूळ कागदाची प्रत सोबत. आद्याक्षरं नाही, पूर्ण नाव लिहून सही केली. हिराताईंनी शेजारी बसून दुसरा कागद लिहिला: आम्ही उन्हाळ्यापुरती वाट म्हणून सही केली, पावसाळ्यात इथे व्हाळ असतो, आम्हाला तेव्हा तसं विचारलं नव्हतं. मग त्या तीन वाड्या फिरल्या. संध्याकाळी आल्या तेव्हा त्यांच्या सहीखाली जागा उरली नव्हती. लोकांनी मागच्या बाजूला सह्या केल्या होत्या. रात्रीच्या जेवणाला वालाचं बिरडं होतं. मी तिसऱ्यांदा वाढून घेतलं.

सोमवार

साहेबांची जीप दहाला आली. मॅनेजरची गाडी मागे. वाटेच्या तोंडावर निरगुडीचा फाटा पडलेला होता आणि अलीकडे गाव उभं होतं.

"हा फाटा काढा," साहेब म्हणाले. "वर गाडी नेऊ."

कुणी हललं नाही. हिराताई म्हणाल्या, "साहेब, वाट काल परत दिली. आता बांधानं चला. मी नेते तुमाला, पान्याची बाटली घ्या."

"परत दिली? कोणाला?"

"जिची हाय तिला."

साहेबांनी मॅनेजरकडे पाहिलं. तो गाडीतून उतरला, फाट्यापाशी गेला, वाकला. सगळ्या गावाची नजर त्याच्यावर. त्यानं फाटा हातात घेतला, आणि पुन्हा होता तिथे, होता तसा ठेवला. "साहेब," तो खाली बघत म्हणाला, "काल मी पण दिली म्हणालो."

त्याची नोकरी होती, हे मी विसरत नाही. तक्त्याच्या शेऱ्यात त्याचंही नाव घालावं असं मला वाटलं होतं, त्याच्यासाठीच घातलं नाही.

तर साहेब बांधावरून, धारेवरून, घामाघूम होत दोन तास चालले. उंबराखाली बसून त्यांनी दोन्ही कागद वाचले. माझ्याकडे चष्म्यावरून पाहून म्हणाले, "हे लिहून देण्याची तुम्हाला गरज नव्हती."

"नकाशाला होती," मी म्हणालो.

त्यांनी निकाल दिला नाही. पावसाळ्यात स्वतः येऊन पाहीन, तोवर काम बंद ठेवा, एवढं लिहिलं. मग माझा तक्ता पाहायला मागितला. उगम: उंबराखालची कपार. लांबी, कुठे मिळते, पाणी किती महिने, सगळं भरलेलं. "नाव?" ते म्हणाले. मी पांडूदादांकडे पाहिलं. पांडूदादांनी आभाळाकडे पाहिलं आणि मान हलवली. आयुष्यात पहिल्यांदा मी रिकामा रकाना तसाच पुढे केला.

पुणे

घरी येऊन पंधरा दिवस झाले. दहा तक्ते आमच्या मंडळींकडे देऊन टाकले. अकरावा टेबलावर काचेखाली ठेवला होता. बायको रोज विचारायची, हा कशाला अडलाय? मी म्हणायचो, माणूस यायचाय.

काल दुपारी हिराताईंचा फोन आला. मागे पुष्कळ गलका होता, त्यामुळे त्या ओरडून बोलत होत्या. खारात गुडघाभर गोडं पाणी आलं होतं. उघाडी आपोआप उघडली होती. साहेबांना कळवलं होतं, ते परवा येणार होते. पुढे काय होईल ते कुणालाच माहीत नव्हतं.

"भाऊ, पेन घेतलं का?" त्यांनी विचारलं. "आली. लिवा आता."

मी काच उचलली, तक्ता काढला आणि त्या सांगतील तसं, माझ्या सगळ्यात चांगल्या अक्षरात लिहिलं: जानाई. रकाना तेवढ्यानंच भरला. मग पुढे, रेघ ओलांडून, समासात जागा होईल तसं लिहिलं: (उन्हाळ्यात वाट).